केस स्टडी लिहून घ्यायचीय? आधी एवढं वाचा

फ्रीलान्सरांच्या कामाची केस स्टडी, म्हणजे अडचण काय होती, काय केलं आणि काय फरक पडला याची गोष्ट, आम्ही लिहून देतो. आमच्याकडे बहुतेक फ्रीलान्सर काम संपल्यावर, पैसे जमा झाल्यावर आणि पुढचं काम मिळेनासं झाल्यावर येतात. तोवर अर्धी केस स्टडी हातातून गेलेली असते, कारण काम सुरू होण्याआधी काय अवस्था होती हे कुणालाच नीट आठवत नाही. म्हणून हे पत्रक आम्ही ॲडव्हान्स घेण्याआधीच देतो.

पोर्टफोलिओत माल मांडलेला असतो. केस स्टडी वाचणारा माणूस वेगळंच शोधत असतो: माझी अडचण याच्यासमोर आली असती, तर यानं काय केलं असतं?

समजा, तुम्ही कोल्हापूरच्या एका मसालेवाल्यांची वेबसाइट सुधारलीत. आमच्याकडे येणारा कच्चा मजकूर साधारण असा असतो: ‘आधुनिक, आकर्षक व वेगवान वेबसाइट देऊन ग्राहकाची ऑनलाइन ओळख भक्कम केली.’ हे वाक्य सराफापासून दंतवैद्यापर्यंत कुणालाही चिकटवता येतं. आम्ही लिहू ते असं: ‘मुख्य पानावर मसाल्यांचे अकरा फोटो, सगळे कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले. मोबाइलवर पान उघडता उघडत नव्हतं. मालकांना नवं डिझाइन हवं होतं. आम्ही म्हटलं, आधी फोटो हलके करू, डिझाइनचं नंतर बघू.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. गिऱ्हाइकानं मागितलं एक, तुम्ही सुचवलं दुसरं, आणि का ते सांगितलंत. नवं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या ‘का’साठी.

आता आकड्यांचं. वेबसाइटचं काम असेल तर हात लावण्याआधी पेजस्पीड इनसाइट्सचा (पानाचा वेग मोजणारं गूगलचं साधन) स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर गूगल तो वेग चांगला मानतं. पण तिथले खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे मागच्या 28 दिवसांचे असतात, त्यामुळे काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेला ‘नंतरचा’ स्क्रीनशॉट प्रत्यक्षात आधीचीच गोष्ट सांगतो. महिनाभर थांबा. साइटला भेटीच फार कमी असतील तर हे आकडे दिसतच नाहीत. मग त्याच साधनानं स्वतः पान उघडून घेतलेल्या चाचणीतला आकडा द्यायचा आणि तो चाचणीतला आहे असं सरळ लिहायचं.

गूगलवर शोधून साइटवर किती लोक आले हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांपर्यंतची माहिती मिळते, अर्थात साइट तिथे आधीपासून जोडलेली असेल तर. हे फार कामाला येतं. काम फेब्रुवारीत संपलं आणि एप्रिलमध्ये गूगलवरून येणारे लोक वाढले, तर त्यात तुमचा वाटा किती आणि वर्षाची चटणी करण्याच्या हंगामाचा किती? मार्चशी तुलना करू नका, गेल्या वर्षीच्या एप्रिलशी करा. फरक थोडाच निघाला तर थोडाच लिहू. आकडा फुगवून द्यायला सांगणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.

गिऱ्हाइकाचा पहिला व्हॉट्सॲप मेसेजही जपून ठेवा. ‘सर साइट उघडेना, लोक फोन करून रेट विचारतायत’ एवढ्या ओळीवर आमचा पहिला परिच्छेद उभा राहतो.

परवानगी लेखी लागते. एकदा तोंडी होकारावर विसंबून आम्ही एका दुकानाचा महिन्याच्या ऑर्डरींचा आकडा छापला. मालक खूश होते, पण भागीदार असलेल्या भावानं तो वाचला आणि आमच्या फ्रीलान्सरचं पुढचं काम गेलं. चूक आमचीच होती. तेव्हापासून अंतिम मसुदा गिऱ्हाइकाला ईमेलनं जातो आणि ‘चालेल’ असं उत्तर आल्याशिवाय आम्ही तो तुमच्या हाती देत नाही. गोपनीयतेचा करार असेल तर नाव वगळून लिहिता येतं. मात्र गाव आणि धंदा वाचून चार लोक लगेच ओळखणार असतील, तर नुसतं नाव झाकून भागत नाही. तेही बदलावं लागतं, किंवा ते काम सोडून दुसरं निवडावं लागतं.

लिहिण्यासाठी तुमच्याशी पाऊण तास आणि तुमच्या गिऱ्हाइकाशी पंधरा मिनिटं बोलावं लागतं, फोनवर चालेल. गिऱ्हाइकाला आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: काम देताना कशाची धाकधूक होती? त्याचं उत्तर बहुतेकदा तुम्हालाही नवीन असतं.

मजकूर दोन पानांच्या वर जाणार नाही. दुरुस्त्या दोनदा, त्याच पैशात.

काम अजून सुरूच झालं नसेल, तर आत्ताच फोन करा. काय काय नोंदवून ठेवायचं ते दहा मिनिटांत सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.