स्कोप बसवताना त्याच्या नळीवर काय गुजरते

रायफलीवर नेम धरायच्या दुर्बिणीला स्कोप म्हणतात, आणि तिला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांना रिंगा. रिंगांमधून सोडवलेल्या स्कोपची नळी खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात धरून हळूहळू फिरवली, तर तो रायफलवर कसा बसवला होता याची हकिगत तिच्या काळ्या लेपावर वाचता येते. रिंगेच्या रुंदीएवढा एकसारखा, किंचित झिजल्यासारखा पट्टा दिसला तर रिंग नळीला सर्व बाजूंनी टेकली होती. एका कडेला चंद्रकोरीसारखी चकाकती रेघ दिसली, तर दोन रिंगा एका रेषेत नव्हत्या आणि त्यांतली एक आपल्या धारदार कडेने नळीत रुतली होती. नळीच्या लांबीच्या दिशेने जाणारे बारीक ओरखडे असतील, तर प्रत्येक गोळीबरोबर स्कोप थोडाथोडा सरकत होता. मी पाहिलेल्या एका स्कोपवर चंद्रकोर आणि ओरखडे दोन्ही होते. मालकाने तो सरकतो म्हणून स्क्रू आणखी आवळले होते. त्यामुळे कोर आणखी खोल गेली आणि सरकणे मात्र थांबले नाही. या दोन खुणा एकत्र का दिसतात, हे समजले की स्कोप बसवण्याचे बहुतेक सगळे तंत्र उलगडते.

बाहेरून दिसणाऱ्या नळीच्या आत आणखी एक छोटी नळी असते. वस्तुभिंगाने, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाने, पाडलेली उलटी प्रतिमा सुलट करणारी भिंगे तिच्यात बसवलेली असतात. ही आतली नळी मागच्या टोकाला एका सांध्यावर टांगलेली असते आणि पुढच्या बाजूला एक स्प्रिंग तिला वरच्या व बाजूच्या समायोजन-चक्रांच्या, म्हणजे नेम वर-खाली व डावी-उजवीकडे हलवणाऱ्या चक्रांच्या, स्क्रूंवर दाबून धरते. चक्राची एक टिक साधारणपणे ०.१ मिलिरेडियन असते, म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर. तेवढ्यासाठी आतली नळी मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच हलते. बाहेरची नळी बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, तिचा व्यास २५.४, ३० किंवा ३४ मिलिमीटर असतो आणि भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. दमट हवेने भिंगे आतून धुरकट होऊ नयेत म्हणून तिच्यात नायट्रोजन किंवा अरगॉन वायू भरून ती सीलबंद केलेली असते. ही भिंत रिंगेने चेपली वा वाकवली, तर आतली नळी अडखळते. मग चक्र फिरवले तरी प्रतिमा हलत नाही आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने एकदम उडी मारते. बाजूचे फोकसचे चक्र स्क्रू आवळल्यावर जड झाले, तर तेही चेपलेल्या नळीचेच लक्षण असते.

आता धक्क्याचा हिशेब पाहू. सुमारे ४ किलोग्रॅमची रायफल मध्यम शक्तीचे काडतूस उडताना, गोळी रायफलीच्या नळीत असतानाच्या सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागात, साधारण २ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येऊ लागते. हे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २०० पट झाले. रायफल मागे जाते तेव्हा ७०० ग्रॅमचा स्कोप जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतो, आणि त्याला रायफलीबरोबर ओढून न्यायला रिंगांना सरासरी १४०० न्यूटन, म्हणजे सुमारे १४० किलो वजनाएवढे बल लावावे लागते. क्षणिक कमाल बल याहून बरेच जास्त असते. हे सगळे काम रिंग आणि नळी यांच्यातल्या घर्षणाला करायचे असते.

आणि या घर्षणाला कमतरता नसते. रिंग दोन अर्ध्या भागांची असते, खालचा पाया आणि वरची टोपी. टोपीच्या स्क्रूंसाठी अनेक उत्पादक १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) सांगतात. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, आणि आहेही. १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २ किलो वजन टांगले की २ न्यूटन-मीटर होतात. पण स्क्रूचे आटे हे गुंडाळलेले उतरण असल्याने ते बलाला प्रचंड गुणतात. अभियंते वापरतात त्या ठोकळ सूत्राप्रमाणे, ४ मिलिमीटर व्यासाचा कोरडा स्क्रू एवढ्या पिळाने सुमारे २५०० न्यूटन ताण निर्माण करतो. चार स्क्रूंची एक रिंग धरली, तर १०,००० न्यूटन होतात. बोटांच्या जोराने फिरणारा छोटा पाना नळीवर एक टन भार आणून ठेवतो. टोपी वरून आणि पाया खालून दाबतो, म्हणून घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तरी एकेक रिंग ४००० न्यूटनपर्यंत तग धरू शकते. ठरवून दिलेल्या पिळातच सरासरी धक्क्याच्या कितीतरी पट पकड असते. तरीही स्कोप सरकत असेल, तर कमतरता पिळाची नसते. माझ्या मते या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे.

कमतरता स्पर्शाची असते. ३० मिलिमीटर व्यासाच्या नळीवर २२ मिलिमीटर रुंदीची रिंग पूर्ण टेकली, तर तो १०,००० न्यूटन भार सुमारे ६६० चौरस मिलिमीटरवर पसरतो, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन येतात. तीच रिंग तिरकी बसून केवळ १ मिलिमीटर रुंदीच्या कडेवर टेकली, तर हा आकडा ३३० च्या वर जातो. स्कोपसाठी नेहमी वापरला जाणारा ६०६१-टी६ हा मिश्रधातू प्रति चौरस मिलिमीटर २७५ न्यूटनच्या आसपास कायमचा दबू लागतो. म्हणजे तोच पाना, तोच पीळ, पण एका ठिकाणी लेप नुसता किंचित झिजतो आणि दुसऱ्या ठिकाणी धातू रुततो. कडेवर टेकलेली नळी धक्क्याच्या वेळी त्या कडेभोवती डुलते, पकड थोडी सैल होते आणि ती सरकते. कोर आणि ओरखडे एकत्र दिसतात ते यामुळे.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो खालच्या अर्ध्या रिंगा एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहण्याला. टोप्या न लावता स्कोप अलगद ठेवावा आणि एका टोकाला बोटाने हलका दाब द्यावा; तो डगमगला किंवा एखाद्या रिंगेच्या कडेशी उजेडाची फट दिसली, तर दोष खालच्या रिंगांमध्ये किंवा त्यांच्या खालच्या पट्टीत आहे. रिंगा ज्या पट्टीवर बसतात त्या पायाच्या पट्टीचाही असाच कस लागतो. पट्टी रायफलीवर ठेवून केवळ एका टोकाचा स्क्रू बसवावा. दुसरे टोक वर उचलले जात असेल तर पट्टी आणि रायफल यांचे पृष्ठभाग जुळत नाहीत, आणि सगळे स्क्रू आवळल्यावर तो वाकडेपणा दिसेनासा होऊन स्कोपच्या नळीत जातो. थोडा फरक असेल तर रिंगांच्या आतल्या बाजू नळीच्याच व्यासाच्या पोलादी दांड्याने व घासण्याच्या लेपाने समतल करतात. हे काम जपून करावे लागते, कारण घासलेला धातू परत येत नाही. अखंड, एकाच तुकड्यातून कोरलेला माउंट, म्हणजे दोन्ही रिंगा एकत्र असलेली बैठक, घेतला तर बहुधा याची गरज पडत नाही. बाजूला सरकवता येणाऱ्या किंवा फिरवून बसवायच्या रिंगा जागेवर आणायला स्कोपलाच तरफ म्हणून वापरण्याची चूक मात्र कधीही करू नये. त्या कामाला लाकडी वा धातूचा दांडा घ्यावा.

पट्टीवर रिंग कशी बसते, यातही धक्क्याचाच विचार आहे. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने मानक म्हणून स्वीकारलेल्या पिकॅटिनी पट्टीवर ५.२३ मिलिमीटर रुंदीच्या आडव्या खाचा १०.०१ मिलिमीटर अंतराने असतात आणि रिंगेचा आडवा बोल्ट त्यांत बसतो. खाच बोल्टपेक्षा किंचित रुंद असते. म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वी रिंग रायफलीच्या नळीच्या तोंडाच्या दिशेने पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवावी. रायफल मागे आली की ती भिंत लगेच बोल्टला बरोबर घेते. मध्ये फट राहिली तर आधी रिंग घसरते आणि मग आदळते. स्प्रिंग-पिस्टनच्या एअर रायफलीत गोष्ट उलटी होते. जड पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला थांबताच ती जोरात पुढे झेपावते, त्यामुळे माउंट मागे सरकतो आणि अडवणारी खुंटी त्याच्या मागे लागते. साध्या रायफलीसाठी केलेल्या महागड्या स्कोपची भिंगेही या उलट्या झटक्याने सुटू शकतात. तो झटका सोसण्यासाठी बनवलेलाच स्कोप तिथे वापरावा.

प्रत्यक्ष काम सुरू करताना मॅगझीन काढून, चेंबर (काडतूस बसते ती पोकळी) डोळ्याने पाहून आणि बोटाने चाचपून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, आणि काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत. स्क्रू, आटे आणि रिंगांच्या आतल्या बाजू अल्कोहोलने पुसून तेल काढावे. वरचा हिशेब कोरड्या स्क्रूचा होता. तेल असले तर तेवढ्याच पिळात ताण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही वाढू शकतो, आणि पीळ मोजणारा टॉर्क पाना मात्र तोच आकडा दाखवत राहतो. आटे जखडणारे निळे द्रवही ओले असताना वंगणासारखेच वागते. त्यामुळे पट्टीच्या स्क्रूंना एखादा थेंब ठीक असला, तरी टोप्यांचे स्क्रू कोरडेच ठेवलेले बरे.

मग टोप्या सैल ठेवून स्कोप पुढेमागे सरकवत, नेहमीच्या पवित्र्यात मान न ताणता पूर्ण गोल चित्र दिसेल अशा जागी आणावा; चक्रांचा फुगवटा आणि पुढचा घंटेसारखा भाग यांना रिंग टेकू देऊ नये. सरळपणासाठी ओळंब्याइतके विश्वासू साधन नाही. रायफल पाणसळीने सरळ बांधावी, काही अंतरावर ओळंबा सोडावा आणि त्याच्या दोरीवर रेटिकलची, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या फुलीची, उभी रेघ तंतोतंत बसेपर्यंत स्कोप फिरवावा. ३ अंशांचा कल डोळ्याला सहज फसवतो; पण ६०० मीटरसाठी वरच्या चक्राने नेम ५ मिलिरेडियन वर चढवताना त्याच कलामुळे गोळी सुमारे १६ सेंटिमीटर बाजूला जाते.

शेवटी स्क्रू तिरपे, एकाआड एक, पाव फेऱ्यांनी आवळावेत. एकाच बाजूचे आधी आवळले तर टोपी नळीला आपल्याबरोबर गुंडाळत नेते आणि ओळंब्याची सगळी मेहनत वाया जाते. टोपी आणि पाया यांच्यामधल्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. त्या पूर्ण मिटल्या तर स्क्रूचे बल टोपीकडून पायाकडे जाते आणि नळीपर्यंत पोहोचतच नाही. शेवटची किंचित फिरकी टॉर्क पान्यानेच द्यावी, कारण माणसाच्या मनगटाला २ आणि ४ न्यूटन-मीटरमधला फरक खात्रीने कळत नाही.

काम झाल्यावर रंगाच्या बारीक ब्रशने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेवर आणि पुढच्या रिंगेपासून नळीवर एकेक सलग रेघ ओढावी. पहिल्या वीसेक गोळ्यांनंतर त्या रेघा पाहाव्यात. स्क्रूवरची रेघ तुटली असेल तर तो सैल झाला आहे. नळीवरची रेघ पुढे सरकली असेल, तर पान्याला हात लावण्याआधी टोप्या काढून नळी पुन्हा त्या तिरप्या उजेडात धरावी.