कृत्रिम जखम (रंगभूषा)

कापलेले, भाजलेले, खरचटलेले किंवा मुक्या माराचे व्रण निरोगी त्वचेवर हुबेहूब उभे करणे, ही विशेष रंगभूषेची एक शाखा आहे. मुंबईत गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतील सेट, दादर-परळची नाट्यगृहे आणि महाविद्यालयीन एकांकिका अशा सगळीकडे हे काम चालते. आपत्कालीन सेवांच्या रंगीत तालमींत आणि वैद्यकीय प्रशिक्षणातही ते लागते. तिथे त्याला फ्रेंचमधून आलेले ‘मूलाज’ हे नाव आहे.

जखम कशाने झाली आणि होऊन किती वेळ गेला, हे आधी ठरवावे लागते. मुका मार सुरुवातीला लालसर, मग जांभळा-निळा, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळट दिसतो, कारण साकळलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन होते. रक्तही ताजे असताना लाल आणि सुकल्यावर तपकिरी-काळे. चित्रीकरण प्रसंगांच्या क्रमाने होत नसल्याने मेकअप दादा प्रत्येक शॉटनंतर जखमेचा फोटो काढून ठेवतात.

साधा काप मेणाने होतो. त्वचेवर स्पिरिट गम (रंगभूषेतला त्वचेला चालणारा गोंद) लावून तो चिकट होईपर्यंत बोटाने थोपटतात, मेणाची बारीक वळी त्यावर दाबतात आणि व्हॅसलिन लावलेल्या बोटाने कडा त्वचेत जिरवतात. मग स्पॅच्युलाने (चपट्या पातीने) मधोमध चीर पाडून तळाशी काळपट मरून आणि काठांना लाल रंग भरतात. सगळी कसोटी कडेची आहे. कड दिसली तर कितीही रक्त ओतून उपयोग नाही. भाजलेल्या त्वचेसाठी द्रव लॅटेक्स (पातळ रबरी द्रव) आणि टिश्यू पेपरचे थर देऊन, सुकल्यावर ते फाडतात. जुन्या व्रणासाठी रिजिड कोलोडियन (सुकून कडक पापुद्रा होणारा द्रव) वापरतात; सुकताना ते आकसते आणि त्वचेला खळगा पडतो.

मोठ्या कामाला सिलिकॉनचे प्रोस्थेटिक, म्हणजे त्वचेवर चिकटवायचा आधीच घडवलेला तुकडा, लागते. अल्जिनेटने (पाण्यात कालवल्यावर रबरासारख्या घट्ट होणाऱ्या पुडीने) अवयवाचा साचा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती करतात, तिच्यावर मातीत जखम घडवून दुसरा साचा काढतात आणि त्यात सिलिकॉन ओततात. माती गंधकयुक्त असेल किंवा लॅटेक्सचा अंश राहिला असेल, तर प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे सिलिकॉन) घट्टच होत नाही आणि सगळी मेहनत चिकट राहते.

मुंबईची हवा या कामाची खरी परीक्षा घेते. मे महिन्यात दिव्यांखाली मेण मऊ पडते, जखमेसाठी जिलेटिन वापरले असेल तर ते घामाने सुटू लागते. म्हणून मेणावर लॅटेक्सचा पातळ हात देऊन पावडर मारतात. रक्तासाठी लिक्विड ग्लुकोज आणि खाण्याचा लाल रंग पुरतो. दोन्ही क्रॉफर्ड मार्केटजवळ केकच्या साहित्याच्या दुकानांत मिळतात. त्यात चिमूटभर कोको घातला की भडकपणा जातो, मात्र गोडाला मुंग्या लागतात. परदेशी शिकवण्या गोऱ्या त्वचेसाठी असतात. गव्हाळ-सावळ्या अंगावर त्यातला गुलाबी-लाल रंग चिकटवल्यासारखा वाटतो. तिथे वांगी, मरून आणि तपकिरी छटाच खऱ्या दिसतात.

हौशी मंडळी लाकडाचा पांढरा गोंद आणि कुंकू चेहऱ्यावर लावतात, ते टाळायलाच हवे. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणून आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहावा. त्यातल्या अमोनियामुळे ते डोळ्यांजवळ नेऊ नये आणि भुवयांवर आधी व्हॅसलिन लावावे. उतरवताना ओढू नये. कडेखाली खोबरेल तेल सोडून हळूहळू सोलावे आणि स्पिरिट गम त्याच्या रिमूव्हरने पुसावा.