लोखंडी हाताचा सेनापती: फ्रांस्वा द ला नू

1562 ते 1598 या काळात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि ह्युगेनो, म्हणजे तिथले काल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट, यांच्यात एकामागोमाग आठ युद्धं झाली. त्यातल्या बहुतेक सेनापतींना मित्रांनी पूज्य मानलं आणि शत्रूंनी शिव्या घातल्या. फ्रांस्वा द ला नू याचं मात्र वेगळं होतं. त्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता, आणि हीच त्याची अडचण होती.

1531 मध्ये ब्रिटनीतल्या एका सरदार घराण्यात तो जन्मला आणि पुढे ह्युगेनो झाला. 1567 मध्ये त्याने मूठभर स्वारांनिशी ऑर्लेआं घेतलं. 1570 मध्ये फोंतने शहराच्या वेढ्यात गोळी लागून त्याचा डावा हात गेला. त्या जागी त्याने घोड्याचा लगाम अडकवता येईल असा लोखंडी हात बसवून घेतला. ‘ब्रा द फेर’, लोखंडी हाताचा, हे नाव तेव्हापासून पडलं.

1572 मध्ये पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी ह्युगेनोंची कत्तल झाली. त्यानंतर राजा नवव्या शार्लने यालाच ला रोशेल या ह्युगेनो बंदराची समजूत काढायला पाठवलं. गेला राजाचा दूत म्हणून, आणि थोड्याच दिवसांत तिथल्या बचावाची सूत्रं त्याच्याच हाती आली! तरीही तो तहाची बोलणी सोडेना, म्हणून एका संतापलेल्या धर्मोपदेशकाने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने उलट हात उचलला नाही. अखेर 1573 मध्ये त्याने शहर सोडलं; पुढच्याच वर्षी त्याच शहराचा सेनापती म्हणून तो परत लढायला उभा राहिला.

1578 नंतर तो नेदरलँड्समध्ये स्पेनविरुद्ध लढला, 1580 मध्ये पकडला गेला आणि पाच वर्षं लिंबुर्गच्या कैदेत राहिला. डोळे काढू दिले तर सोडू, अशी अट स्पेनने घातली होती असं सांगतात. याच कोठडीत त्याने राजनीती आणि युद्ध यांवरचे निबंध लिहिले. ते 1587 मध्ये बाझेलला छापले गेले. भाले घेऊन एका लांब रांगेत धावणाऱ्या सरदारांपेक्षा दाट तुकडीने येणारे पिस्तूलधारी स्वार भारी ठरतात, हे त्यात त्याने स्पष्ट लिहिलं. भाल्याच्या मानापानात वाढलेल्या सरदाराने हे लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1585 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत, जबर जामिनावर तो सुटला. नंतर फ्रान्सचा राजा चौथा आंरी याच्या बाजूने लढताना ब्रिटनीतच लांबालच्या वेढ्यात डोक्याला जखम होऊन ऑगस्ट 1591 मध्ये तो मरण पावला.