बक्षीसपत्रातली 'अट' : ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 च्या वादामागचा इतिहास

बक्षीसपत्र नोंदवलं की देणाऱ्याला ते मनाला येईल तेव्हा परत घेता येत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून हे असंच आहे. त्याच्या कलम 126 ने सुटकेच्या वाटा मोजक्याच ठेवल्या. अमुक घडलं तर बक्षीस रद्द, असं दोघांनी आधी ठरवलेलं असलं तर. किंवा फसवणूक, दडपण असं काही सिद्ध झालं तर. तेही दिवाणी कोर्टात. पंच्याहत्तरीच्या बाईने राहतं घर परत मिळवण्यासाठी तिथे किती वर्षं हेलपाटे घालायचे?

पोटगीची वाट वेगळी होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम 125 मध्ये आई-वडिलांनाही स्थान दिलं, पण महिन्याला 500 रुपयांची मर्यादा घातली. ती 2001 मध्ये उठली. मात्र हातचं गेलेलं घर या कलमाने कधीच परत मिळणार नव्हतं.

ही उणीव भरून काढायला 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आला. साठी पूर्ण केलेल्यांना थेट प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येऊ लागला. चरितार्थाची कमाल रक्कम महिना 10,000 रुपये ठेवली गेली. ती काढून टाकण्याचं 2019 चं विधेयक मंजूर न होताच बारगळलं. पण या कायद्याचा खरा जीव कलम 23 मध्ये आहे. मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाने झालं असं मानायचं आणि ज्येष्ठाची इच्छा असेल तर रद्दबातल ठरवायचं. कायदा लागू झाल्यानंतरच्या दस्तांपुरतंच हे कलम आहे.

सगळा घोळ त्या 'अटीवर' या एका शब्दात आहे. अट दस्तात लिहिलेली हवी, की आईने मुलाला घर दिलं यातच ती आली?

आपल्याकडचं बक्षीसपत्र उघडून पाहा. 'लिहून देणार' आई, 'लिहून घेणार' मुलगा. मग 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी', 'स्वखुशीने', 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' ही ठरीव वाक्यं. सांभाळायचा शब्द बहुतेक वेळा कुठेच नसतो, कारण पोटच्या मुलाकडून तो लिहून घ्यायचा हेच आईला अवघड वाटतं. त्यात 2015 पासून महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये झालं. सवलत चांगल्या हेतूने आली, पण मृत्युपत्र करून थांबता आलं असतं अशा घरांमध्येही 'आत्ताच करून टाका, स्वस्तात होतंय' हा आग्रह तिने सोपा केला, असं मला वाटतं.

उच्च न्यायालयांत यावर दोन तट पडले. केरळच्या पूर्णपीठाने 2020 मध्ये अट दस्तातच हवी असं सांगितलं. डिसेंबर 2022 मध्ये गुरुग्रामच्या एका आईच्या हक्कसोडपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, जवळच्यांना दिलेल्या प्रत्येक मालमत्तेला सांभाळाची अट चिकटलेली असतेच असं नाही. कित्येकदा माणूस कसलीही अपेक्षा न ठेवता प्रेमाने देतो. अट होती हे ज्येष्ठाने मांडलं पाहिजे, सिद्ध केलं पाहिजे. त्या आईने तसं मांडलंच नव्हतं, ती हरली. तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण ज्यांच्यासाठी हा कायदा आला, त्यांच्यावरच पुराव्याचं ओझं पडलं.

जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात सूर बदलला. 2019 मध्ये बक्षीसपत्र झालं, त्याच सुमारास मुलाने एक वचनपत्र लिहिलं होतं : सांभाळलं नाही तर आईने बक्षीस परत घ्यावं. मुलगा पुढे म्हणाला, ते वचनपत्र बनावट आहे. प्रांत, जिल्हाधिकारी, उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, सगळ्यांनी आईच्या बाजूने कौल दिला. त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा कल्याणकारी म्हणून उदारपणे लावला, बक्षीस रद्द केलं आणि 28 फेब्रुवारीपर्यंत ताबा द्यायला सांगितलं.

याच कायद्याने सुनेला घराबाहेर काढता येईल का, हा प्रश्न याला समांतर चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या निकालाने बजावलं की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क सहजासहजी पुसता येणार नाही. हे आवश्यकच होतं.

नवे दस्त लिहिताना आता सांभाळाचं कलम आणि देणाऱ्याचा तहहयात राहण्याचा हक्क घालता येतो. फक्त 'मला वाटेल तेव्हा रद्द करीन' असं लिहू नये. कलम 126 नुसार ते बक्षीसच निरर्थक ठरतं. आधीच्या ज्या दस्तांत फक्त प्रेम आणि आपुलकी आहे, त्यांच्यापुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की मुलाच्या हातचा दुसरा एखादा कागद घरात कुठे आहे का.