स्मॅश : पकड आणि तंत्र

बॅडमिंटनमध्ये डोक्याच्या वर आलेले फूल (शटल) प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टात तीव्र उताराने आणि पूर्ण जोराने मारण्याच्या फटक्याला स्मॅश म्हणतात. या खेळातला हा सर्वांत वेगवान फटका. भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ मध्ये जपानमधील एका चाचणीत ताशी ५६५ किमी वेगाची नोंद केली. प्रत्यक्ष सामन्यात डेन्मार्कच्या मॅड्स पीलर कोल्डिंगने २०१७ मध्ये ताशी ४२६ किमी वेग गाठला होता. हे आकडे फूल तारांवरून सुटते त्या क्षणाचे असतात. सोळा पिसांचे, जेमतेम पाच ग्रॅमचे फूल हवेच्या विरोधामुळे पुढच्या काही मीटरांतच मंदावते. म्हणून कोर्टाच्या अगदी मागून मारलेला जोरदार स्मॅशही चांगला बचावपटू परतवतो. उतार आणि नेमकी जागा साधल्यावाचून नुसता जोर कामाला येत नाही.

बहुतेक कच्च्या स्मॅशचे मूळ पकडीत असते. नवखा खेळाडू रॅकेट तव्यासारखी धरतो : तळवा थेट रॅकेटच्या मुठीच्या, म्हणजे दांड्याच्या मागे आणि तारांची जाळी समोर रोखलेली. फूल सहज लागते, त्यामुळे ही सवय लवकर मुरते. पण या पकडीत हात फिरायला जागाच उरत नाही. फटका मनगट पुढे मोडून मारावा लागतो, आणि त्यात फारसा वेग नसतो.

फोरहँड पकडीत रॅकेटची कड जमिनीकडे ठेवून मूठ बाजूने धरतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला व्हीचा आकार अष्टकोनी मुठीच्या वरच्या अरुंद बाजूवर, किंवा उजव्या हाताच्या खेळाडूसाठी तिच्या किंचित डावीकडे येतो. तर्जनी इतर बोटांपासून थोडी पुढे सरकलेली असते. पकड बदलल्यावर सुरुवातीला फूल तारांना तिरके लागून कापले जाते आणि भलतीकडे जाते, कारण हात फिरवण्याची सवय अजून लागलेली नसते. इथेच पुष्कळ जण जुन्या पकडीकडे वळतात. त्या काळात निम्म्या जोराने मारत राहणे, हाच खरा उपाय.

पकड किती घट्ट असावी, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. फूल येईपर्यंत पकड सैल हवी, तळवा आणि रॅकेटची मूठ यांच्यात थोडी पोकळी राहील इतकी. फूल लागण्याच्या क्षणी बोटे, विशेषतः शेवटची तीन, झटकन आवळायची आणि लगेच ढिली सोडायची. आधीपासून आवळलेला हात खांद्यापर्यंत ताठरतो आणि रॅकेटचा वेग मारतो. मुठीची जाडीही पाहावी : फार जाड मूठ बोटांना आवळू देत नाही, फार बारीक मूठ हातात फिरते. घामाने गुळगुळीत झालेले ग्रिपचे वेष्टण वेळेवर बदलावे, नाहीतर रॅकेट निसटेल या धास्तीने हात आपोआप घट्ट होतो.

‘मनगटाचा झटका’ असे सर्रास म्हटले जाते, तरी वेगाचा मोठा वाटा दंड खांद्यात आतल्या बाजूस वळण्यातून आणि कोपराखालचा हात फिरण्यातून येतो. त्याआधी पाय चालायला हवेत. फुलाच्या मागे पोहोचून एक खांदा जाळ्याकडे येईल असे अंग वळवायचे, मोकळा हात वर उचलायचा, रॅकेटच्या हाताचे कोपर मागे-वर न्यायचे. मग मागच्या पायापासून कंबर, धड, खांदा, कोपर अशा क्रमाने जोर वर चढतो. फूल खांद्याच्या रेषेत, शक्य तितके उंच आणि अंगाच्या पुढे लागले पाहिजे. डोक्याच्या मागे गेलेल्या फुलावर कितीही जोर लावला तरी फटका सपाट जातो किंवा जाळ्यात अडकतो; अशा वेळी स्मॅशचा हट्ट सोडून उंच क्लिअर, म्हणजे फूल प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टात अगदी मागे उडवणारा फटका, मारणे शहाणपणाचे. फूल आपल्या बाजूला असतानाच लागले असेल, तर रॅकेट ओघात जाळ्यापलीकडे गेलेली चालते. पण तिचा जाळ्याला स्पर्श झाला तर गुण जातो.

उडी मारून केलेल्या स्मॅशमध्ये फूल आणखी उंचावर मिळते आणि उतार तीव्र होतो, मात्र जमिनीवरचे तंत्र पक्के होण्याआधी उडी घेतली तर वेळ चुकते आणि गुडघ्यांवर नाहक ताण येतो. अर्धा स्मॅश आणि कापून मारलेला स्मॅश यांत पूर्ण जोर नसतो, पण हाताची हालचाल तीच राहिल्याने समोरचा फसतो.

नवख्यांनी तारा फार ताणून बसवू नयेत. जास्त ताणाच्या तारांत उसळी कमी आणि फूल नेमके लागण्याची जागा लहान असते. सराव संपता संपता खांदा दुखू लागला, तर त्या दिवशी स्मॅश थांबवावा.