वू लेइ

वू लेइ : (१९ नोव्हेंबर १९९१ – ). चिनी व्यावसायिक फुटबॉलपटू. विंगर (कडेने आक्रमण करणारा) व आघाडीपटू. जन्म जिआंग्सू प्रांतातील नानजिंग येथे. शांघायलगतच्या चोंगमिंग बेटावरील श्यू गनबाओ यांच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात तो घडला. तेथील मुलांना घेऊनच श्यू यांनी शांघाय ईस्ट एशिया हा क्लब उभा केला (पुढे शांघाय एसआयपीजी, आता शांघाय पोर्ट).

२ सप्टेंबर २००६ रोजी, १४ वर्षे २८७ दिवसांचा असताना, त्याने या क्लबकडून पदार्पण केले. चीनमधील सर्वांत लहान व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याचा उल्लेख होतो तो याच सामन्यावरून; मात्र तो सामना तिसऱ्या श्रेणीतला होता, हे अनेक ठिकाणी गाळले जाते. क्लब २०१२ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून सुपर लीगमध्ये आला, तेव्हा कुठे त्याचे अव्वल श्रेणीतील खेळणे सुरू झाले.

त्याला विंगर म्हणावे की आघाडीपटू, याबद्दल एकमत नाही. चिनी क्लब मधल्या आघाडीसाठी परदेशी खेळाडू आणतात, त्यामुळे देशी आक्रमकाला कडेला जावे लागते, असे एक मत आहे. हल्क, एल्केसन व ऑस्कर हे ब्राझीलचे खेळाडू शांघायला आल्यानंतरच्या काळाला ते बऱ्यापैकी लागू पडते. पण २०१३ मध्ये, हे तिघे येण्यापूर्वीच, त्याने १५ गोल केले होते. तेव्हा कारण त्याच्या खेळण्याच्या धाटणीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू राखणे हा त्याचा पिंड नाही. तो कडेच्या बचावपटूच्या नजरेआड, बाहेरच्या अंगाला थांबतो. मध्यरक्षकाने पाससाठी मान वर केली की कडेचा व मधला बचावपटू यांच्यामधल्या फटीतून तिरका आत शिरतो. पहिल्याच स्पर्शात चेंडू गोलच्या दिशेने पुढे ढकलायचा आणि गोलरक्षकाला ओलांडून लांबच्या खांबाकडे खालून मारायचा. पास सुटण्याच्या अर्धे पाऊल आधी निघाला की बचावफळीच्या पुढे गेल्यामुळे ऑफसाइड ठरतो. समोरचा संघ आपल्या गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रापाशी मागे सरकून बसला की धावायला जागाच उरत नाही, मग तो सामनाभर दिसेनासा होतो. पास देणारा चांगला नसला तरी तेच.

२०१८ मध्ये ही सगळी जुळणी बसली : २७ गोल, सर्वाधिक गोलांचा मान (२००७ नंतर प्रथमच चिनी खेळाडूकडे) आणि क्लबचे पहिले लीग विजेतेपद. ग्वांगझू क्लबची सलग सात विजेतेपदांची मालिका त्याने खंडित झाली.

जानेवारी २०१९ मध्ये तो बार्सिलोनातील एस्पान्योलकडे गेला. २ मार्चला रेआल व्हायादोलिदविरुद्ध त्याने गोल केला. स्पेनच्या अव्वल लीगमधील चिनी खेळाडूचा हा पहिला गोल. त्या अर्ध्या हंगामात त्याचे ३ गोल झाले आणि संघ सातवा येऊन युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पोहोचला. ४ जानेवारी २०२० रोजी बार्सिलोनाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून ८८ व्या मिनिटाला त्याने २–२ अशी बरोबरी साधून दिली. प्रतिस्पर्धी दहा जणांवर आले होते आणि तरीही पुढे सरकून खेळत होते. वर वर्णिलेल्या धावेला याहून सोयीची स्थिती नाही. त्याच हंगामात एस्पान्योल खालच्या श्रेणीत घसरला, २०२१ मध्ये ती श्रेणी जिंकून परतला. परंतु त्याच्या वाट्याला सुरुवातीपासून खेळण्याची संधी कमी होत गेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये तो शांघायला परतला. २०२३ व २०२४ ची लीग विजेतेपदे क्लबने मिळवली. २०२४ मध्ये त्याने ३४ गोल करून एल्केसनचा एका हंगामातील २८ गोलांचा (२०१४) विक्रम मागे टाकला.

राष्ट्रीय संघात तो २०१० पासून आहे. २०१९ च्या आशिया चषकात खांदा दुखावलेला असतानाही त्याने फिलिपीन्सविरुद्ध २ गोल केले, पुढचा दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना मात्र त्याला सोडावा लागला. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी शारजा येथे विश्वचषक पात्रता सामन्यात त्याच्या २ गोलांमुळे चीनने व्हिएतनामला ३–२ असे हरवले. त्यातला दुसरा गोल भरपाईच्या वेळेतला होता.