युवा हमी

शिक्षण संपलेल्या किंवा काम सुटलेल्या तरुणाला ठरावीक मुदतीत नोकरी, पुढील शिक्षण, शिकाऊ उमेदवारी वा सराव-प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करण्याची शासनाने स्वीकारलेली जबाबदारी. ‘हमी’ शब्दाने मराठी वाचकाची गफलत होऊ शकते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी अधिनियमाने (१९७७) ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणे हा प्रौढांचा हक्क मानला. युरोपीय युवा हमीत मुदतीची हमी आहे, नोकरीची नाही.

उगम स्कँडिनेव्हियातला, एवढ्यावर साधारण एकमत आहे. बहुतेक लेखक स्वीडनच्या १९८४ मधील व्यवस्थेपासून सुरुवात करतात. तीत १८-१९ वर्षांच्या बेरोजगारांना दिवसाला सुमारे चार तासांचे सार्वजनिक काम देणे नगरपालिकांवर बंधनकारक होते. काही अभ्यासक नॉर्वेतील त्याआधीच्या प्रयत्नांकडे बोट दाखवतात. बंधनकारकता हा निकष धरल्यास स्वीडनचे पारडे जड वाटते. डेन्मार्क व फिनलंड १९९६ च्या सुमारास या वाटेवर आले.

ग्रीस व स्पेनमध्ये श्रमबाजारातील निम्म्याहून अधिक तरुण बेकार असताना, २२ एप्रिल २०१३ रोजी युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने ही कल्पना सदस्यदेशांपुढे ठेवली : वय २५ खाली, मुदत चार महिने. २०२० मध्ये वयोमर्यादा ३० झाली. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. तुलनेची खरी अडचण मुदत कधीपासून मोजायची ही. शिफारशीनुसार ती रोजगार कार्यालयातील नोंदणीपासून सुरू होते; जो तरुण नोंदणीलाच आला नाही त्याच्यासाठी आरंभबिंदू प्रत्येक देशाने ठरवायचा. त्यामुळे ‘चार महिन्यांत प्रस्ताव मिळालेले’ ही टक्केवारी दोन देशांत सारखी दिसली तरी बाहेर राहिलेल्यांची संख्या फार वेगळी असू शकते.

ब्रिटनच्या १९९८ च्या ‘न्यू डील’मध्ये सहा महिने बेकारभत्ता घेतलेल्या १८ ते २४ वयाच्या तरुणांपुढे चार पर्याय असत : अनुदानित नोकरी, शिक्षण, स्वयंसेवी काम, पर्यावरणाचे काम. घरी बसून भत्ता घेणे हा पाचवा पर्याय नव्हता. नकार दिल्यास भत्ता काही काळ थांबे. जर्मनीला अशी हमी फारशी लागली नाही, कारण तेथे दुहेरी प्रशिक्षणपद्धती आधीच रुजलेली आहे. शिकाऊ आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले व्यवसायशाळेत जातो आणि केलेल्या कामाची नोंदवही ठेवतो. प्रशिक्षकाच्या सहीची ती वही दाखवल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१४ पासून तरुण कामगार ठेवणाऱ्या मालकाला करसवलत दिली.

भारतात शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) सुरुवातीला सहा महिन्यांसाठी शिक्षणानुसार दरमहा ६,०००, ८,००० वा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले; ती युवा हमीपेक्षा सवेतन शिकाऊ उमेदवारीच्या जवळ जाते.